सायफन ड्रेज की पिचकारी? सिएरा नेवाडातल्या ओढ्यांसाठी काय बनवावं

हिवाळाभर गॅरेजमध्ये पीव्हीसीचे तुकडे जोडत बसायचं आणि ऑगस्टमध्ये पाणी उतरलं की ते घेऊन ओढ्यावर सोनं शोधायला जायचं, असा बेत असेल तर कॅलिफोर्नियात आता दोनच गोष्टी बनवण्यासारख्या उरल्या आहेत. एक सायफनवर चालणारी ग्रॅव्हिटी ड्रेज, म्हणजे नुसत्या उताराच्या जोरावर तळातली रेती-गोटे पाण्याबरोबर ओढून नेणारा पाइप. दुसरी हातानं ओढायचा पंप, ज्याला आमच्या घरी पिचकारीच म्हणतात. मी फॉल्समला राहतो, अमेरिकन नदी हाकेच्या अंतरावर आहे, आणि दोन्ही बनवून वापरून झाल्या आहेत. पॅन (रेती धुऊन सोनं वेगळं करायची थाळी) कसं फिरवायचं, स्लूस (वाहत्या पाण्यात जड सोनं अडवून धरणारी पन्हळ) किती उतारावर लावायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

मोटरची ड्रेज यात का नाही, हे एकदा सांगून टाकतो. 2009 च्या ऑगस्टमध्ये राज्यानं त्यावर बंदी आणली. नंतर आलेला आणि 1 जानेवारी 2016 पासून लागू झालेला कायदा परवान्याची वाट दाखवतो, पण ड्रेजची व्याख्याही रुंद करतो: नदीच्या तळातून किंवा काठातून खनिजासाठी माल काढणारी ‘मेकॅनिकल किंवा मोटरवरची’ यंत्रणा. त्याच कलमात पुढे असंही म्हटलंय की मोटरविना चालणाऱ्या हौशी कामाला हे लागू नाही. सायफन ड्रेजला मोटर नसते, म्हणजे ती दुसऱ्या वाक्यात बसते असं माझं मत. पण माझं मत रेंजरला दाखवून उपयोग नाही. तीन इंची पाइप, नोझल आणि भरभरून वाहणारा स्लूस पाहिला की समोरच्याला ती ड्रेजच दिसते, आणि मग ओल्या कपड्यांत उभं राहून कलम समजावत बसावं लागतं. ज्या जंगलात जाणार त्याच्या रेंजर ऑफिसला आधी ईमेल करा आणि उत्तर छापून सोबत ठेवा. पिचकारीला मात्र आजवर कुणी हटकलेलं नाही. ऑबर्न स्टेट रिक्रिएशन एरियात जायचं असेल तर हा सगळा प्रश्नच मिटतो, कारण तिथे फक्त हात आणि पॅन चालतं. यातलं काहीही न्यायचं तर टाहो किंवा एल्डोराडो नॅशनल फॉरेस्टची, नाहीतर बीएलएमची (केंद्र सरकारच्या जमीन खात्याची) जमीन गाठावी लागते, आणि तिथेही तो पट्टा कुणाच्या क्लेममध्ये, म्हणजे नोंदवलेल्या खाणहक्कात, नाही हे बीएलएमच्या एमएलआरएस नोंदींत पाहून.

आता सायफन ड्रेज. कल्पना इतकी देखणी आहे की एकदा तरी बनवल्याशिवाय राहवत नाही. वरच्या डोहात नोझल, दगडाच्या उंबऱ्यावरून पलीकडे गेलेला पाइप, खाली स्लूस. डोहाच्या पाण्याची पातळी आणि पाइपाचं खालचं तोंड यांत मीटरभर फरक मिळाला, तर सहा मीटर लांबीच्या तीन इंची पाइपात घर्षण वजा जाता पाणी सेकंदाला दोन-अडीच मीटरनं धावतं. एवढ्या वेगात अंगठ्याएवढे गोटे खडखडत खाली जातात. पेट्रोल नाही, धूर नाही, शेजारच्या वळणावर कुणी गळ टाकून बसलं असेल तर त्यालाही पत्ता लागत नाही. काम सुरू असतं तेव्हा नोझलपाशी तळ मोकळा होत जाताना बघायला फार मजा येते. त्या मजेला माझ्या हिशोबात बरेच गुण आहेत.

अडचण तिच्या मागण्यांची आहे. पहिली मागणी जागेची. पाच-सहा मीटरच्या आत मीटरभर उतार हवा, म्हणजे छोटा धबधबा किंवा दगडाची पायरी. अशा जागी सोनं नसतंच असं नाही. पायरीच्या वरच्या अंगाला कातळाच्या भेगा असतील तर उलट चांगलीच जागा. पण तुम्हाला हवा असलेला आतल्या वळणावरचा गोट्यांचा बांध सहसा सपाटीला असतो, आणि तिथे ही ड्रेज नुसती पडून राहते. पिचकारीला उतार, वळण, डोह, सगळं सारखंच.

दुसरी मागणी पाण्याची. वर सांगितलेल्या वेगानं सेकंदाला दहा-अकरा लिटर पाणी जातं. जूनमध्ये बर्फ वितळत असताना ते सहज मिळतं, पण तेव्हा पाण्यात पाय टाकवत नाही आणि प्रवाहाचा भरवसाही नसतो. सप्टेंबरात पाण्यात उभं राहता येतं, तेव्हा लहान ओढ्यांत तेवढं पाणीच नसतं. डोहाची पातळी बघता बघता उतरते, नोझल गुळगुळ करत हवा ओढतं आणि सायफन तुटतो. तुटला की पुन्हा भरायचा: खालचा बॉल व्हॉल्व्ह बंद, पाइप डोहात बुडवायचा, आतली हवा काढायची, तोंड पाण्याबाहेर येऊ न देता खालचा भाग पुन्हा उंबऱ्यापलीकडे न्यायचा. सहा मीटरच्या तीन इंची पाइपात साधारण 27 लिटर पाणी मावतं, म्हणजे तेवढे किलो अंगावर घेऊन निसरड्या दगडांवर कसरत. दोघं असतील तर जमतं. एकट्यानं जमत नाही असं मी म्हणणार नाही, पण एकट्यानं करून आल्यावर दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खुर्चीतून उठताना ते आठवतं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझ्यापुरता निकाल लागला तो पाइपात अडकणाऱ्या दगडामुळे.

नोझलच्या तोंडाला पाइपापेक्षा अर्धा इंच लहान कडं बसवायचं, म्हणजे आत शिरलेला दगड पुढे जाणारच, हा नियम सगळे सांगतात. तो खरा आहे, पण गोल गोट्यांपुरता. सिएराच्या ओढ्यांत स्लेटचे चपटे, लांबट तुकडे भरपूर. असा तुकडा उभा आत शिरतो, पाइप जिथे उंबऱ्यावरून वाकतो तिथे आडवा होतो आणि दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा बसतो. पाणी लगेच थांबत नाही. आधी त्याच्यामागे खडे जमतात, मग जाड रेती, मग बारीक काळी वाळू त्या फटी भरून काढते, आणि दोन-तीन मिनिटांत चांगलं हातभर लांबीचं घट्ट बूच तयार होतं. खाली स्लूसमध्ये पाणी एकदम पातळ होतं आणि कळतं की गेलं. बूच नेमकं कुठे आहे हे कळायला पाना घेऊन पाइपावर ठोकत जायचं: मोकळ्या भागात पोकळ आवाज येतो, भरलेल्या ठिकाणी थप्प. मग बाहेरून पाइप दाबायचा, वाकवायचा, उलट्या बाजूनं पाणी सोडायचं, काठी घालायची. काठी वळणापाशी अडते. शेवटी पाइप उपसून काठावर उभा धरायचा आणि आपटायचा, म्हणजे सायफन गेला, 27 लिटरची कसरत पुन्हा पहिल्यापासून. त्या बुचात काळ्या वाळूबरोबर जे काही सोनं बसलेलं असतं ते काठावरच्या गवतात पडतं, हे मला सगळ्यात झोंबायचं. बादलीवर धरून आपटायला तिसरा हात लागतो.

काळा, बाहेरून खाचा असलेला ड्रेनेज पाइप वापरलात तर हा त्रास दुप्पट, कारण तो बऱ्याचदा आतूनही खाचेदार असतो. आतून गुळगुळीत, पारदर्शक सक्शन होज घेतला की बूच निदान दिसतं. पण तो महाग. मला फुटाला पाच-सात डॉलर पडला, आणि सहा मीटर म्हणजे वीस फूट. एवढं करूनही दगड अडकायचा तो अडकतोच, फक्त तो शोधण्यासाठी ठोकत बसावं लागत नाही.

पिचकारीत काय अडकत नाही? अडकतंच. पण अडकतं ते एक इंची तोंडापाशी, डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर. बोटानं काढलं, काम पुढे सुरू. माझ्यासाठी तराजू इथेच कलला.

बनवायला ती सोपी आहे. तीन फूट लांबीचा दोन इंची पीव्हीसी पाइप, एका टोकाला एक इंचापर्यंत लहान करणारं रिड्युसर आणि त्यात फूटभर बारीक नळी, आत दांड्यावर दट्ट्या. दट्ट्यासाठी दोन प्लास्टिकच्या चकत्यांमध्ये गाडीच्या जुन्या ट्यूबचे दोन-तीन गोल तुकडे दाबून बसवायचे आणि सिलिकॉन ग्रीस लावायचं. वाळूनं ते रबर झिजतं, म्हणून कापलेले जादा तुकडे खिशात असू द्या. सगळं मिळून माझा खर्च तीस डॉलरच्या आत झाला. एका ओढीत सव्वा लिटरच्या आसपास येतं, त्यातलं बरंचसं पाणी, आणि मूठ-दीड मूठ रेती. ते बादलीत सोडायचं, पुन्हा ओढायचं. सायफनच्या सेकंदाला दहा लिटरशी याची तुलनाच होत नाही. खांदेही भरून येतात, ते नाकारण्यात अर्थ नाही.

तरी बादलीतला माल पॅनमध्ये घेतला की मला पिचकारीचा दिवस सहसा बरा वाटतो, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे सराफकट्ट्यावरचे झारेकरी सगळा रस्ता धूत नाहीत. ते पायऱ्यांच्या सांध्यातली, गटाराच्या कडेची, फरशीच्या फटीतली धूळ उकरतात. ओढ्यातही तसंच. वरचा सैल गोट्यांचा थर सायफननं कितीही उपसला तरी त्यात फार काही नसतं. सोनं खाली कातळावर, त्यातही भेगेत, चिकट मातीत आणि गंजलेल्या खिळ्यांच्या, छऱ्यांच्या संगतीत असतं. तीन इंची नोझल त्या भेगेत जात नाही. ते वरून नुसतं मोठं तोंड लावून उभं राहतं. पिचकारीची बारीक नळी जाते. आधी स्क्रूड्रायव्हरनं किंवा वाकवलेल्या सळीनं भेग खरवडायची आणि गढूळ व्हायच्या आत ओढून घ्यायचं.

कातळावर दोन-तीन फूट गोटे असतील तर मात्र पिचकारी घेऊन तिथपर्यंत पोचणार कसं, हा प्रश्न रास्त आहे. पाण्याखाली फावड्यानं खणलं की बारीक माल वाहून जातो आणि खड्डा कडेनं ढासळत राहतो. तिथे सायफन ड्रेज सरळ वरचढ आहे. मंडळातला माझा एक मित्र आजही तीच वापरतो. त्याचा क्लेम स्वतःचा आहे, पायरी आयती मिळाली आहे, आणि बरोबर कॉलेजात जाणारी दोन मुलं असतात. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही तेच केलं असतं. माझ्या बरोबर बहुतेक वेळा कुणी नसतं आणि खोऱ्यात उतरून पुन्हा चढायचं असतं, त्यामुळे पाठीवरच्या पिशवीत काय मावतं हा प्रश्न मला आधी पडतो. पिचकारी, दुमडता येणारा छोटा स्लूस, दोन चाळण्या, एक बादली. त्या बादलीतच जेवणाचा डबा.

आणखी एक गोष्ट, जी मोजमापात येत नाही. यूबा आणि बेअर या नद्यांच्या खोऱ्यांत हायड्रॉलिक खाणकामाच्या (पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं डोंगर फोडण्याच्या) काळात सोनं धरून ठेवायला स्लूसमध्ये पारा ओतत असत. 1884 मध्ये न्यायाधीश सॉयर यांच्या निकालानं डोंगर फोडून गाळ नदीत सोडणं थांबलं, पण सांडलेला पारा कातळाच्या भेगांत राहिला आणि तो आजही सापडतो. सायफनच्या जोरदार प्रवाहात तो बारीक थेंबांत फुटून स्लूसवरून पुढे वाहून जातो. ड्रेजवरच्या बंदीमागचा हा एक मुद्दा होता, आणि तो मला पटतो. पिचकारीतला माल बादलीत येत असल्यानं पारा निदान तुमच्या ताब्यात राहतो. चांदीसारखे पांढरे कण दिसले तर घरी आणून गॅसवर तापवायचा विचार मनातही आणू नका. झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवा आणि काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्या.

एवढं वाचूनही सायफनच बनवायची ठरली असेल, तर वळण एकदम काटकोनात न ठेवता लांब, सैल घ्या आणि वळणाच्या दोन्ही बाजूंना हातानं उघडता येतील असे जोड ठेवा, म्हणजे बूच बसलं तरी मधला हातभर तुकडाच सोडवता येईल. नोझलच्या कड्यावर मधोमध एक आडवी सळी वेल्ड करा. स्लेटचा लांब तुकडा तिथेच अडतो आणि हातानं बाजूला टाकता येतो. सळीमुळे ओढ थोडी कमी होते, पण चालतं. जोडताना व्हॉल्व्हचा दांडा वरच्या बाजूला येईल असं बघा. तो खाली आला की वाळूत रुततो आणि नेमका हवा तेव्हा फिरत नाही.