मोठे अमेरिकन लँडस्केप छापायचेत? मग हे दुकान

गंगापूर रोडवरच्या या प्रिंटिंग-फ्रेमिंगच्या दुकानाला मी पाच स्टार देतेय, आणि ते फ्रेमसाठी नाही, फ्रेम काय नाशकात बऱ्याच ठिकाणी चांगली मिळते. चित्राची एकही कड कापली नाही म्हणून देतेय.

मला एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन पेंटिंगचं प्रचंड वेड आहे. आपल्याकडे भिंतीसाठी चित्र म्हटलं की मोने नाहीतर व्हॅन गॉग, फार तर राजा रविवर्मा. थॉमस कोल, फ्रेडरिक चर्च ही नावं कोणी घेतच नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण निसर्ग एवढा अवाढव्य आणि तरी एवढा बारकाईने फार कमी लोकांनी रंगवलाय. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या चित्रांचे चांगले मोठे फोटो फुकट डाउनलोडला ठेवलेत, त्यामुळे फाइल मिळते, अडतं ते छापणाऱ्यापाशी.

चर्चचं ‘हार्ट ऑफ द अँडीज’ घ्या, १८५९ चं. मूळ चित्र १६८ बाय ३०३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दहा फूट रुंद. न्यूयॉर्कमध्ये हे एकटं चित्र मांडलं होतं आणि लोक २५ सेंटचं तिकीट काढून बघायला यायचे, काही जण तर ऑपेरा ग्लास म्हणजे छोटी दुर्बीण घेऊन, कारण त्यात पान न् पान वेगळं रंगवलंय. आता हे २४ बाय ३६ इंचाच्या तयार साइझमध्ये पूर्ण भरायचं म्हटलं तर रुंदीचा साधारण सहावा भाग उडतो. दुसऱ्या एका ठिकाणी मला सांगितलं की मॅडम थोडं कट होणारच, कोणाला कळणार नाही. अहो, कळणार नाही कसं! डावीकडे क्रूसापाशी दोन छोटी माणसं आहेत, तिकडेच झाडाच्या खोडावर चर्चने कोरल्यासारखी आपली सही टाकलीये, मागे बर्फाचा चिंबोराझो पर्वत आहे, कुठून कात्री लावणार? इथल्या दादांनी फाइल उघडून आधी मापं काढली, म्हणाले ३६ बाय २० करू, आणि पट्टी त्या मापाने कापून फ्रेम बनवून दिली. एवढंच हवं होतं.

मला आधी कॅनव्हासच हवा होता, पेंटिंग आहे म्हटल्यावर कॅनव्हास असं कोणालाही वाटतं, पण दादा म्हणाले, ‘ताई, विणीत बारीक काम हरवतं, तुम्ही मॅट आर्काइव्हल पेपर घ्या, म्हणजे बिनचकाकीचा, वर्षानुवर्षं टिकणारा,’ आणि दोन्हीवर छोटा तुकडा छापून शेजारी शेजारी ठेवला. फरक लगेच दिसला, कॅनव्हासवर झाडी नुसता हिरवा गोळा, कागदावर वेली मोजता येतील अशा.

कोलचं ‘द ऑक्सबो’ (१८३६) पण इथेच केलं, ते माझं सगळ्यात लाडकं. डावीकडे वादळ, मोडकं झाड, रान, उजवीकडे ऊन पडलेली शेतं आणि कनेक्टिकट नदीचं मोठं वळण. पावसाळ्यात अंजनेरीवरून खाली बघताना अर्धं आभाळ काळं आणि अर्ध्या शेतांवर ऊन असतं ना, अगदी तसं. खाली खडकांत कोलने स्वतःला इवलंसं बसवलंय, ईझलसमोर, मान वळवून आपल्याकडे बघताना. ए४ साइझला तो सापडत नाही हो, म्हणून हे चित्र ३६ इंचांच्या आत छापू नका. आणि साधी काच अजिबात नको, वादळाच्या काळ्या भागात समोरची ट्यूबलाइट दिसते, नॉन-रिफ्लेक्टिव्हच लावा, पैसे जास्त जातात पण जाऊ द्या.

पोर्ट्रेट एकच केलं, अमेरिकन पेंटर सार्जंटचं ‘मॅडम एक्स’, काळ्या ड्रेसमधल्या एका बाईचं. (अमेरिकेत तेव्हा पेंटरचं पोट बरंचसं पोर्ट्रेटवरच चालायचं, टेलिग्राफवाला मोर्स पण मुळात पोर्ट्रेट पेंटरच.) १८८४ ला पॅरिसच्या सलाँ या मोठ्या चित्रप्रदर्शनात हे लागलं तेव्हा ड्रेसचा उजवा पट्टा खांद्यावरून घसरलेला होता, त्यावरून एवढा गदारोळ झाला की सार्जंटने नंतर पट्टा वर रंगवला. छापायला हे सगळ्यात अवघड, काळा ड्रेस तपकिरी बॅकग्राउंडवर, आणि कातडीचा तो फिकट जांभळट पांढरा. पहिल्या प्रूफला, म्हणजे चाचणीच्या प्रिंटला, ड्रेस नुसता काळा ठिपका आला होता, कंबरेच्या चुण्या गायब आणि चेहरा गुलाबी. दादांनी कुरकुर न करता काळे भाग थोडे उजळले, लाल कमी केला, दुसरं प्रूफ बरं, तिसरं एकदम बरोबर. प्रूफचे वेगळे पैसे घेतले नाहीत, याचं मला फार कौतुक वाटलं.

कमी काय, तर वेळ. सणासुदीला फोटो फ्रेमचीच एवढी गर्दी असते की मोठं काम मागे पडतं, आणि फोन उचलत नाहीत, प्रत्यक्ष जावं लागतं. ऑनलाइन पोस्टरपेक्षा बरंच महागही आहे. पण लवकर फिकी न पडणारी पिगमेंट इंक वापरतात, मागे कागद पिवळा पडू नये म्हणून ॲसिड-फ्री बोर्ड लावतात, तर दर मला पटला.

जाताना फाइल पेनड्राइव्हवर न्या, व्हॉट्सॲपवर पाठवू नका, तिथे साइझ मरते. मूळ चित्राचं सेंटिमीटरमधलं माप म्युझियमच्या वेबसाइटवर असतं, ते लिहून न्या आणि पहिल्यांदा तेच दाखवा.