कमाल चौकाजवळचं आमचं बिछायत केंद्र

2024 सालच्या चार गुलाबी पावत्या मी पोळ्यांच्या जुन्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. चारही एकाच दुकानाच्या. नागपुरात कमाल चौकातून आत वळलं की हे बिछायत केंद्र, म्हणजे भांडी, खुर्च्या, सतरंज्या भाड्यानं देणारं दुकान लागतं. पाटीवरचं नाव उन्हानं पार उडालंय, त्यामुळे वस्तीत सगळे नुसतं 'बिछायतवाले' म्हणतात. नवरा-बायको दोघंच चालवतात. भाऊ माल काढून देतात, वहिनी वही सांभाळतात.

त्या वर्षी मार्चमध्ये माझी नोकरी गेली. 19 वर्षं एका खाजगी ऑफिसात हिशेब लिहिले. मालकांनी गाशा गुंडाळला, शेवटच्या दोन महिन्यांचा पगारही बुडाला. वय 51. घरात बसून जीव कासावीस व्हायचा. विहारातल्या बाया एक दिवस आल्या आणि बुद्ध पौर्णिमेच्या खीरदानाचं काम माझ्याकडे देऊन गेल्या. "तुमाले हिशेब येते न ताई, मंग तुमीच पाहा."

घरच्या चार माणसांपलीकडे मी कधी रांधलं नव्हतं. 40 लिटर दुधाला केवढं भांडं लागतं तेही माहीत नव्हतं. दुकानात गेले तर भाऊंनी भाड्याचं काही बोलायच्या आधी विचारलं, "चूल लाकडाची हाय का गॅसची?" लाकडाची म्हटल्यावर त्यांनी मागून पितळी गंज, म्हणजे मोठं पातेलं, ओढत आणला. जाड बुडाचा, काठावर ठोके मारून 14 नंबर घातलेला. त्यात पाणी भरून ठेवलं, पाच मिनिटांनी खालून हात फिरवून कोरडा असल्याचं पाहिलं, मग आतली कल्हई मला उजेडात दाखवली. बाजूला तसाच दुसरा गंज होता. तो कढीसाठी कोणी मागत होतं, तर साफ नाही म्हणाले. "कल्हई उतरली हाय याची. कढी कळकन."

आणि जाताना दोन गोष्टी सांगितल्या. चुलीवर चढवायच्या आधी गंजाला बाहेरून ओल्या मातीचा पोतारा दे, म्हणजे काजळी मातीबरोबर निघून जाते. दूध ओतायच्या आधी बुडाशी दोन तांबे पाणी टाक, लागत नाही. 23 मे होता, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, दोन दिवसांवर आलेला. चुलीपुढे सहा तास उभी होते. खीर लागली नाही. त्या रात्री मार्चनंतर पहिल्यांदा मला गाढ झोप आली.

जुलैत आई गेली. तिच्या स्मरणार्थच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला 60 खुर्च्या आणि चार सतरंज्या आणल्या. सतरंज्यांना ओलसर वास येत होता, पाहुण्यांपुढे फार वाईट वाटलं. पावसाळ्यात हा त्रास तिथे होतो, हे लिहायलाच हवं. बोलले तेव्हा वहिनींनी सतरंज्यांचं भाडं पावतीवरून खोडलं. दुसऱ्या दिवशी माल न्यायला स्वतः आल्या, आणि खुर्च्या मोजायच्या ठेवून तासभर माझ्याजवळ बसून राहिल्या.

तिसरी पावती सगळ्यात लांब आहे. 12 ऑक्टोबर, अशोक विजयादशमी. 1956 साली बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली, त्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या विहारानं पहिल्यांदा भोजनदानाचा मंडप टाकला. तीन गंज, दोन भट्ट्या, कढया, झारे, परात, 300 ताटं. मसालेभात आणि आलू-वांग्याची भाजी. गावोगावचे लोक पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, रात्रभरच्या प्रवासानंतर चालत येत होते. एक म्हातारी जेवली, ताट स्वतः धुतलं, माझ्या हातात दिलं आणि "जय भीम, माय" म्हणाली. ते ताट मी किती वेळ तसंच धरून उभी होते. आईच्या वयाची होती.

पावतीवर प्रत्येक वस्तू लिहिलेली आहे, भाड्याच्या रकान्यात मात्र नुसती उभी रेघ. दीक्षाभूमीच्या भोजनदानाचं भाडं ते लावत नाहीत. माल आणायच्या ठेल्याचे, म्हणजे हातगाडीचे, पैसे तेवढे घेतले, आणि एक झारा कमी भरला त्याचे. झारा चार दिवसांनी विहारात पोत्यांखाली सापडला. नेऊन दिला, तर वहिनींनी वही उघडून पैसे परत केले.

त्या मंडपात जेवलेल्या दोन पोरांनी विचारलं, काकू डबा देता का? नोव्हेंबरपासून मी डबे सुरू केले, आज 34 आहेत. पहिला महिना गंज भाड्यानं नेला, ती चौथी पावती. महिना संपताना भाऊच म्हणाले, "किती डाव भाड्यानं नेसान? आता इकतच घ्या." आपलं दुकान बंद ठेवून माझ्यासोबत इतवारीत आले, तीन दुकानं फिरून बूड वाजवून-वाजवून गंज निवडून दिला. कायमचं गिऱ्हाईक त्यांनी असं हातानं सोडलं.

जाणार असाल तर रविवारी माल घरपोच मिळत नाही, ठेला तुम्हालाच करावा लागेल. अनामत रोख द्यावी लागते. लहान भट्टीचा जाळ एका बाजूला जास्त येतो, मोठीच मागा. दसऱ्यासाठी गणपतीआधी सांगून ठेवा. आणि खीर करायची असेल तर 14 नंबरचा गंज.