अँबॅसिडरमध्ये इसुझु १८०० पेट्रोल: जळगाव-धुळ्याच्या उन्हात हे इंजिन घ्यावे का?

जुन्या अँबॅसिडरचे मूळ इंजिन बसले की खान्देशात फिटरकडून तीनच सल्ले मिळतात. आहे तेच बोअर करा (म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून पुन्हा सरळ करा), इसुझुचे पेट्रोल टाका, नाहीतर सरळ डिझेल टाका. हा आढावा मधल्या पर्यायाचा, म्हणजे दुसऱ्या गाडीतून उतरवलेल्या १८१७ सीसी इसुझु पेट्रोल इंजिनाचा. नवे मिळण्याचा प्रश्नच नाही, कारण उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसिडर बनणे २०१४ मध्येच थांबले. जे येते ते भंगारात निघालेल्या, हेच इंजिन असलेल्या अँबॅसिडर १८०० आयएसझेडमधून किंवा काँटेसा क्लासिक गाडीतून.

गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल तर पुढे वाचण्याआधी थांबा. २०२१ पासून अशा गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा ही अट आहे. म्हणजे १९६८ ची मार्क टू अँबॅसिडर घेऊन तिच्यात इसुझु बसवले, तर ती वाट आपणच बंद केली. त्या गाडीला तिचे मूळ १४८९ सीसी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनच नीट करून द्यावे. ऐंशी-नव्वदच्या दशकातली गाडी असेल आणि ती रोज वापरायची असेल, तर इसुझुचा विचार जरूर करावा.

फरक काय पडतो? मूळ बीएमसीची ताकद पन्नास बीएचपीच्या आसपास, इसुझुची अँबॅसिडरमध्ये ७५ च्या आसपास. त्यासोबत पाच गिअरचा बॉक्स येतो आणि हायवेवर खरा फायदा त्याचाच. धुळे-जळगाव-भुसावळ रस्त्यावर ऐंशीच्या वेगाला जुने इंजिन ओरडत असते, हे पाचव्यात निवांत चालते. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना चार माणसे आणि डिकी भरलेली असली तरी सारखा दुसरा टाकावा लागत नाही. बीएमसीच्या क्रँकला मागे रबरी सीलच नाही. चुडीसारखी खाच ऑइल परत आत ढकलते, आणि झीज झाली की तिथून गळती ठरलेली. खाली पुठ्ठा ठेवून गाडी उभी करण्याची सवय तिथूनच आली.

आता दुकानात गेल्यावर. रंगवून, चकाचक पुसून ठेवलेले इंजिन दाखवले तर खूश होऊ नका. मळलेले इंजिन जास्त खरे बोलते, कुठून गळत होते ते दिसते. ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग, म्हणजे पाण्याच्या वाटांची भोके बंद करणाऱ्या पत्र्याच्या गोल टोप्या, आधी बघा. आपल्याकडे रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी ओतले जाते. त्याने आत क्षार बसतो आणि प्लग आतून गंजतो. पेचकसाच्या मुठीने टिचकी मारा. आवाज बद्द आला किंवा रंगाखाली फुगवटा लागला, तर पाण्याच्या वाटा आत बुजलेल्या आहेत असे धरा. थर्मोस्टॅटचे (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणाऱ्या झडपेचे) झाकण उघडून टॉर्चने आत पाहा. पांढरा-तपकिरी थर नखाने निघत नसेल तर ब्लॉक पूर्ण उघडून, धुऊन घेतल्याशिवाय ते इंजिन मे महिन्यात टिकणार नाही.

यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. चारही स्पार्क प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सेल्फने इंजिन पाच-सहा वेळा दाबापर्यंत फिरवा. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचे. दहा टक्क्यांपर्यंत चालतो. एखादा खूप कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर रिंग-बोअर गेलेले, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडखालचे गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी आले तर गॅस्केट त्या दोघांच्या मध्ये फुटले आहे. दुकानदार ‘मशीन चालू करून दाखवतो’ म्हणेल. चालू जरूर करायला लावा, पण थंड असतानाच, आणि पहिल्या काही सेकंदांत पुढच्या भागाकडे कान द्या. या इंजिनाची कॅमशाफ्ट हेडवर आहे आणि ती चेनने फिरते. खडखड होऊन ती थांबत नसेल तर चेन, टेन्शनर आणि गाइड बदलणे आले. गरम झाल्यावर गेज लावून ऑइल प्रेशर पाहा: दर हजार आरपीएमला दहा पौंड हा ढोबळ हिशेब. आयडलला सुई खाली पडत असेल तर बेअरिंग संपलेले.

हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे, आणि इसुझुचा खरा कच्चा दुवा तोच. बीएमसीचे हेड बिडाचे, ते दोन-चारदा तापले तरी निभावून नेते. हे एकदा जोरात तापले की वाकते. त्यामुळे हेड न काढता सौदा झाला असला तरी गाडीत बसवण्याआधी ते काढाच. काढताना चेन वायरने वर बांधून ठेवा, नाहीतर ती केसिंगमध्ये पडते आणि पुढचे सगळे उघडावे लागते. सरळ पट्टी आडवी-तिरपी लावून खाली फीलर गेज घाला. ०.१ मिमीची पाती सहज सरकली तर प्लेन मारून (मशीनवर घासून सपाट करून) घ्या. आधी कितीदा प्लेन मारले आहे हेही पाहायला हवे, कारण फार उतरलेल्या हेडमध्ये कॉम्प्रेशन वाढते आणि उन्हाळ्यात इंजिन ठोकते.

तापण्याचा विषय निघालाच आहे तर, जळगाव-भुसावळला पारा ४५ ओलांडतो तिथे जुना रेडिएटर तसाच ठेवून हे इंजिन टाकणे म्हणजे पैसे जाळणे. रेडिएटरचा कोअर नवा तीन ओळींचा करा, पंख्याभोवती आच्छादन बसवा आणि नळाचे-बोअरचे पाणी विसरा. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे. बरेच फिटर गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. रेडिएटर चोंदलेला असेल तर त्याने काही दिवस बरे वाटते, पण थंडीत इंजिन कधीच नीट गरम होत नाही, पेट्रोल जास्त पिते आणि बोअर लवकर झिजतो. ‘गाडी तापी गई भो’ हे घाटात ऐकायचे नसेल तर थर्मोस्टॅट चांगला टाका आणि कारण रेडिएटरमध्ये शोधा.

बसवण्याचे काम दिसते तितके सरळ नाही. स्टीअरिंगवर गिअर असलेल्या जुन्या गाडीत मधला बोगदा कापून लिव्हर खाली आणावा लागतो, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते. शाफ्ट लेथवर कापून वेल्ड केला की बॅलन्स करून घ्याच. ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका, साठच्या वेगाला जमिनीतून थरथर येते आणि शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (सांधे) वारंवार जातात. काँटेसाचे इंजिन असेल तर फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसते ते रबरी आधार), ऑइल चेंबर आणि लिव्हरची जागा अँबॅसिडरच्या क्रॉस मेंबरशी, म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या पट्टीशी, जुळते का, हे पैसे देण्याआधी टेप लावून मोजा. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. ती उलटी केल्याशिवाय अल्टरनेटर जोडला तर डायोड लगेच जातात. ताकद दीडपट झाली तर ब्रेकही त्या मानाचे हवेत. पुढे डिस्क असलेला संच त्याच गाडीतून उचलता आला तर उत्तम.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. पंपाचा पडदा, होज पाइप, कार्बोरेटरची रबरे सगळी इथेनॉल सोसणारी नवी घाला. मिश्रण पातळ वाटले, चढावर झटके बसले तर मेन जेट एक नंबर मोठा करून बघा.

डिझेलबद्दल थोडक्यात: १९९५ सीसी इसुझु डिझेल दणकट आहे, पण त्यात टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. शिवाय कागदोपत्री इंधन बदलते, आणि ते प्रकरण वेगळेच.

कागदांचे सांगायचे तर इंजिन बदलण्याआधी परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यायची असते, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे. एमएच-१९ असो, १८ असो की ३९, नंबर न जुळणारी गाडी विकताना, पासिंगला आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात अडकते. दुकानदाराकडून इंजिन नंबर लिहिलेले पक्के बिल आणि ज्या गाडीतून ते काढले तिच्या आरसीची प्रत घ्या. ठोकलेले आकडे पुसट, घासलेले किंवा वेगळ्या साच्यातले दिसले तर भाव कितीही पडो, हात लावू नका.

खरेदी करताना इंजिन, बेल हाउसिंग, पाच गिअरचा बॉक्स, क्लच, फाउंडेशन, अल्टरनेटर, एअर फिल्टर आणि एक्झॉस्टचा पुढचा पाइप एकाच गाडीतून एकत्र मागा. सुटे इंजिन स्वस्त दिसते, पण बाकीचे तुकडे-तुकडे जमवताना तेवढेच पैसे पुन्हा जातात. पूर्ण संच आणि तपासलेले हेड मिळाले तर पाचपैकी चार गुण. नुसते इंजिन, कागद नाहीत, आतून क्षार धरलेले, तर एकही नाही.