'ट्वेल्व्ह स्ट्रिंग अशीच असते' म्हणत मला १४ हजारांना कसं गंडवलं

सिक्स स्ट्रिंग म्हणजे साध्या सहा तारांच्या गिटारवर वर्ष-दोन वर्षं हात बसला की बऱ्याच जणांना ट्वेल्व्ह स्ट्रिंगचे, म्हणजे बारा तारांच्या गिटारचे, डोहाळे लागतात. मलाही लागले. नवीन चांगली घ्यायची तर बजेटबाहेर जाते म्हणून आपण सगळे सेकंडहँडच्या जाहिराती चाळत बसतो, आणि तिथे काय चालतं ते सांगायला हे लिहितोय. विकणाऱ्याचं नाव-नंबर टाकत नाही, तक्रार केलेली आहे, ती तिच्या रस्त्याने जाईल. पण त्याची पद्धत मात्र जशीच्या तशी सांगतो.

या माणसाने मला थापा फार कमी मारल्या. जे जे बोलला ते निम्मं खरं होतं, आणि तिथेच खरी गोम आहे. आपण आधी कधी ट्वेल्व्ह स्ट्रिंग हातात धरलेली नसते, त्यामुळे तिच्यात नॉर्मल काय आणि बिघडलेलं काय हे ठरवायला आपल्याकडे मापच नसतं. कुठलीही शंका काढा, त्याचं उत्तर ठरलेलं, "दादा, ट्वेल्व्ह स्ट्रिंग अशीच असते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. ई, ए, डी, जी या चार जाड तारांना प्रत्येकी एक बारीक तार असते, एक सप्तक वर लावलेली, आणि बी आणि शेवटच्या ई ला त्याच सुराची जोडीदार. त्यामुळे साधा जी कॉर्ड ओढला तरी सतारीच्या तरफा बोलाव्यात तसा झणकार उठतो. आपल्याकडे गझलेत गिटार आणणारे भूपिंदर सिंग ज्यांनी मन लावून ऐकलेत त्यांना या आवाजाची ओढ का लागते ते सांगायला नको. पण या झणकाराची किंमत लाकूड मोजतं. सिक्स स्ट्रिंगच्या लाइट सेटचा (बारीक तारांच्या संचाचा) एकूण ताण साधारण ७०-७५ किलो पडतो, ट्वेल्व्हचा लाइट सेट घातला तरी १०० किलोच्या वर जातो. हा ताण रात्रंदिवस ब्रिजला (बॉडीवर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी) वर उपटत असतो आणि नेकला (तारा दाबायची लांब दांडी) पुढे ओढत असतो. म्हणून जुनी सिक्स स्ट्रिंग आणि जुनी ट्वेल्व्ह स्ट्रिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जुनी ट्वेल्व्ह म्हणजे आधी ब्रिज आणि नेक बघायचा, आवाज नंतर.

तर जाहिरात अशी होती: जपान मेड, सॉलिड टॉप (वरची फळी प्लायवूडची नाही, अखंड लाकडाची), मालक ऑनसाइट म्हणजे परदेशी चाललाय म्हणून तातडीने विकणे, १८ हजार. सोबत व्हिडिओ. व्हिडिओत बाराच्या बारा तारा, दुसऱ्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा), आवाज असा की मी तो हेडफोन लावून परत परत ऐकत बसलो. कॅपो का लावलाय विचारलं तर म्हणाला ट्वेल्व्ह स्ट्रिंग एक सूर खाली लावून ठेवतात, ताण कमी राहतो, मग कॅपो लावून वाजवायची. आता हे अगदी खरं आहे हो! चांगले वाजवणारेसुद्धा हेच करतात. जुन्या जमान्यातला अमेरिकन ब्लूजवाला लेड बेली तर आपली स्टेला कंपनीची बारा तारांची गिटार याहूनही बरीच खाली लावायचा. एक सूर खाली आणलं की ताण साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतो. पण कॅपोने अजून एक काम होतं जे तो बोलला नाही. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो बसला की त्याच्या पुढच्या काही फ्रेटवर तारा खाली येतात, आणि तेवढ्याच भागात वाजवलं तर नेकची वाट लागलेली गिटारही हाताला बरी लागते.

घासाघीस करून १४ वर आला. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला एका फ्लॅटवर बोलावलं, गेलो तर गिटारवर सहाच तारा. म्हटलं बाकीच्या कुठायत? म्हणे ऑक्टेव्हच्या, म्हणजे जोडीच्या, तारा गंजल्या होत्या, काढून टाकल्या, तुम्ही नवीन सेट टाका आणि बघा कशी बोलते. हेही निम्मं खरं. ऑक्टेव्ह जी ही गिटारवरची सगळ्यात बारीक तार असते, ०.००८ किंवा ०.००९ इंचाची, ती शेवटच्या ई पेक्षाही वरच्या सुरात लागते आणि सगळ्यात आधी तीच तुटते, त्यामुळे एखाद-दुसरी तार गायब असणं यात काही विशेष नाही. पण सहाच्या सहा गायब? याचं कारण पुढे येईलच.

मग मी वर बाराव्या फ्रेटकडे वाजवून बघितलं तर तार दाबता दाबता बोट दुखायला लागलं. "ट्वेल्व्ह स्ट्रिंग अशीच असते, महिन्याभरात बोटं तयार होतात." वर पुन्हा पाऊस चालू होता तर म्हणे दमट हवेत लाकूड फुगतं, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) थोडी वर जाते, दिवाळीनंतर आपोआप खाली येईल. (पावसाळ्यात फुगतं हे खरंच आहे, मिलिमीटरच्या काही हिश्शाने. बोट सोलवटेल इतकं नाही.) वरच्या फ्रेटवर सूर चढा येतोय म्हटलं तर, बारा तारा एकाच सॅडलवर (ब्रिजमधली बारीक पट्टी, जिच्यावर तारा टेकतात) म्हणजे थोडं उन्नीस-बीस चालायचंच. आणि शेवटी, अहो काही नाही, कुठल्याही रिपेअरवाल्याकडे जा, ट्रस रॉडला (नेकच्या आतली सळई) अर्धा आटा दिला की लोण्यासारखी होईल. हे शेवटचं मात्र चक्क खोटं. ट्रस रॉडने नेकला आलेला बाक कमी-जास्त होतो, नेक बॉडीला ज्या कोनात जोडलाय तो कोन ट्रस रॉडने तसूभरही बदलत नाही. ब्रिजच्या आसपास व्हार्निशचा वास येत होता, तर म्हणाला पॉलिश करून घेतलं, विकताना वस्तू नीट दिसली पाहिजे ना. यूपीआयने पैसे दिले, पैसे मिळताच त्याने स्वतःचा चहासुद्धा अर्धवट टाकला आणि मला लिफ्टपर्यंत सोडून आला, भलता प्रेमळ माणूस.

घरी येऊन १०-४७ जाडीचा नवा लाइट सेट चढवला आणि स्टँडर्डला, म्हणजे खाली न उतरवता नेहमीच्या सुरात, लावली. दोन दिवस स्वर्ग. मग ट्यूनिंग टिकेना, सकाळी लावली की संध्याकाळी अख्खी गिटार खाली उतरलेली, मला वाटलं नवीन तारा ताणल्या जातायत. मग एका रात्री जेवताना आतल्या खोलीतून कडकन आवाज आला, आई म्हणाली ट्यूबलाइट पडली बहुतेक. जाऊन बघतो तर ब्रिज मागच्या बाजूने उपटून वर आलेला आणि त्याच्याखाली बोटाचं नख सहज जाईल एवढी फट.

पुण्यात कँपात एक म्हातारे काका गिटारी दुरुस्त करतात त्यांच्याकडे नेली. त्यांनी हातात घेतली, वाजवली पण नाही, नेकवर डोळा लावून एकदा बघितलं आणि म्हणाले, "सहा तारांवर दाखवली ना रे तुला?" मी गार. त्यांचं म्हणणं, ब्रिज आधी निघालेला आहे, कुणीतरी जुना गोंद नीट न खरवडता तसाच वरून अरल्डाइट थापून बसवलाय, आणि चिकटवलेली रेघ दिसू नये म्हणून काळा रंग आणि वरून व्हार्निश. सहा तारांचा, तोही खाली उतरवलेला ताण तो ब्रिज कसाबसा धरतो. बाराचा धरत नाही. म्हणून ऑक्टेव्हच्या तारा 'गंजल्या' होत्या. व्हिडिओ बहुतेक ब्रिज निघायच्या आधीचा असणार.

मग त्यांनी मला समोर बसवून सगळं दाखवलं, आणि हे तुमच्या कामाचं आहे. त्यांनी एक स्टीलची लांब पट्टी फ्रेटवर आडवी न ठेवता नेकच्या लांबीत ठेवली आणि ब्रिजकडे सरकवली. नेकचा कोन शाबूत असेल तर पट्टीचं टोक ब्रिजच्या वरच्या पृष्ठभागाच्या लेव्हलला यायला हवं. माझ्या गिटारवर ते ब्रिजच्या अंगावर निम्म्यातच जाऊन धडकलं. म्हणजे नेक इतकी वर्षं पुढे ओढला गेलाय. असं झालं की ॲक्शन वाढते, मग आधीचा मालक सॅडल घासून घासून ॲक्शन खाली आणतो, आणि एक दिवस सॅडलच संपतं. माझं सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम दिसत होतं, आणि तरीही बाराव्या फ्रेटवर जाड ई फ्रेटपासून साडेचार मिलिमीटर वर. दोन-अडीच असायला पाहिजे. याचा अर्थ आता घासायलाही काही शिल्लक नाही, उपाय एकच, नेक काढून कोन दुरुस्त करून परत बसवणे, ज्याला नेक रिसेट म्हणतात, आणि त्याचा खर्च गिटारच्या किमतीच्या पुढे जातो. सॅडल बघायला कुठलंही ज्ञान लागत नाही, दोन-तीन मिलिमीटर वर दिसत नसेल तर गिटार तिथेच ठेवा.

बाकी जपान मेडचं लेबल घरच्या प्रिंटरवर छापलेलं, काकांनी ओल्या कापसाने टोक पुसलं तर शाई पसरली. सॉलिड टॉप म्हणाल तर साउंडहोलच्या (बॉडीवरचं गोल भोक) कडेवर प्लायवूडचे थर सरळ मोजता येत होते. सॉलिड लाकडाची वरची रेघ कडेवरून तशीच खाली उतरते. हे मोबाईलचा टॉर्च लावून कुणालाही दिसतं, आणि मोबाईलच साउंडहोलमधून आत घालून व्हिडिओ काढला तर ब्रिजच्या खालच्या पट्टीला तडे आहेत का, ब्रेसिंग (आतल्या आधाराच्या काड्या) सुटलंय का हेही कळतं. माझ्यात दोन्ही होतं.

विकणाऱ्याला फोन केला तर त्याचा सूर एकदम बदलला. "तुम्ही स्टँडर्डला लावलीच कशाला? मी सांगितलं होतं खाली ठेवा." आहे की नाही! त्याचं अर्धसत्य असं दोन्हीकडून चालतं, विकताना दिलासा म्हणून आणि फुटल्यावर ढाल म्हणून. मग ब्लॉक. मित्राच्या नंबरवरून बघितलं तर त्याच्या अजून चार-पाच जाहिराती चालू, दोन व्हायोलिनं, एक हार्मोनियम, आणि प्रत्येकाचा मालक कुठे ना कुठे परदेशी निघालेला.

या जाहिरातींचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, असं काही झालं तर. एखाद्याने घरातली एक वस्तू विकली तर ग्राहक कायदा फारसा कामाला येत नाही, पण सतत विकणारा माणूस हा धंदा करणारा ठरतो आणि मग तक्रारीला पाय मिळतात. मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५, फोन केला आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आणि जे लोक गिटार न बघताच टोकन म्हणून पैसे पाठवतात आणि समोरचा गायब होतो, त्यांनी वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा, तिथे जितकं लवकर तितके पैसे अडकवता येण्याची शक्यता जास्त.

अजूनही सेकंडहँडच घेणार असाल तर घ्या, चांगल्याही मिळतात, फक्त नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांत बसतात त्या पट्टीची, रुंदी मोजा (सिक्सला ४३ मिलिमीटरच्या आसपास, ट्वेल्व्हला ४७-४८, फारच कमी असेल तर बोटं जोड्यांमध्ये मावत नाहीत), ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून बघा, आत शिरला तर निघा. आणि जाताना सोबत स्टीलची पट्टी आणि ट्वेल्व्हचा नवा लाइट सेट घेऊन जा. बाराच्या बारा तारा तिथेच चढवायच्या, अर्धा तास गप्पा मारायच्या आणि परत ट्यूनर लावून बघायचा. सेटचे पैसे तुमचे गेले तरी चालतील. तो तारा चढवू देत नसेल तर त्याच्याकडचा चहा पिऊन घरी या.