कास्तकार, गाड्या, काटापट्ट्या आणि जँगोचं मॅक्स: हंगामभर वापरल्यावर

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगवर जँगो (पायथनमधली वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर कापूस खरेदीची नोंद चालते. रचना साधी: एका कास्तकाराच्या अनेक गाड्या, एका गाडीच्या अनेक काटापट्ट्या (वजनकाट्याच्या पावत्या), पट्टीवर वजन, ओलावा, भाव. शिवाय कास्तकाराला जोडलेले चुकारे, म्हणजे मालाचे दिलेले पैसे. रोजचा प्रश्न एकच, कोणाला जास्तीत जास्त भाव किती मिळाला?

एवढ्यापुरतं ॲनोटेटमधलं (प्रत्येक ओळीला हिशेब जोडणारं जँगोचं फंक्शन) मॅक्स, म्हणजे कमाल काढणारं फंक्शन, झकास चालतं. दोन-दोन अंडरस्कोअर देत कास्तकारापासून थेट पट्टीच्या भावापर्यंत पोहोचता येतं. टेबलांची जोडणी लेफ्ट जॉइनची, म्हणजे जोडीला ओळ नसली तरी मूळ ओळ ठेवणारी असल्याने एकही पट्टी नसलेला कास्तकार यादीत राहतो, त्याचा भाव नल, म्हणजे रिकामा, येतो. फक्त भावाचा रकाना मजकुराचा नको. तसा असेल तर १००५० पेक्षा ७५२१ मोठा ठरतो, आणि कापूस दहा हजारांवर जाईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

खरी गोम शेजारच्या बेरजेत आहे. त्याच क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) चुकाऱ्यांची आणि वजनाची बेरीज मागितली की जॉइनच्या ओळी गुणल्या जातात. ३ पट्ट्या आणि २ चुकारे असले तर ६ ओळी: चुकारा तिप्पट, वजन दुप्पट. मॅक्सला मात्र ओळी कितीदा आल्या याने फरक पडत नाही, म्हणून तो बरोबरच दिसतो आणि अख्ख्या अहवालावर भरवसा बसतो. बेरजेला डिस्टिंक्ट (सारखी किंमत एकदाच धरणं) लावणं हा उपाय नव्हे, सारख्या रकमेचे दोन चुकारे त्यात एकच धरले जातात. प्रत्येक बेरीज वेगळ्या सबक्वेरीत, म्हणजे क्वेरीच्या आतल्या क्वेरीत, काढावी.

८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याच्याच पट्ट्या हव्या असतील तर अट मॅक्सच्या आत, फिल्टर म्हणून द्यावी. ही सोय जँगो २.० पासून आहे. अट ॲनोटेटच्या आधी लावली तर ओल्या कापसाचे कास्तकार यादीतूनच गळतात. नंतर लावली तर कमाल भाव सगळ्या पट्ट्यांमधलाच येतो.

भाव कळला, पण तो कोणत्या पट्टीवर? हे मॅक्स सांगत नाही. त्यासाठी भावाच्या उतरत्या क्रमाने पहिली पट्टी उचलणारी सबक्वेरी लागते. इथे पोस्टग्रेस उतरत्या क्रमात नल सगळ्यात वर ठेवतो. वजन झालं पण ग्रेडर अजून यायचा आहे, अशी बिनभावाची पट्टीच पहिली निघते. लॅपटॉपवर चाचणीला वापरलेल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये नल खाली जातो, म्हणून चाचणीत सगळं ठीक वाटतं. क्रम लावताना नल्स लास्ट (नल शेवटी) स्पष्ट लिहायचं, आणि भाव सारखे निघाले तर दिनांक व पट्टी क्रमांकही क्रमात घ्यायचे. नाहीतर कोणती पट्टी येईल याचा नेम नाही.

दिवाळीनंतर आवक वाढली की हीच सबक्वेरी जड होते, कारण कास्तकारापासून पट्टीपर्यंत जाताना मध्ये गाड्यांचं टेबल येतं. कास्तकाराची किल्ली (त्याचा ओळख क्रमांक) पट्टीवरही ठेवावी आणि कास्तकार, उतरता भाव, दिनांक, पट्टी क्रमांक असा इंडेक्स (पटकन शोधण्याची क्रमवार सूची) करावा. इंडेक्समध्येही नल्स लास्ट हवंच. क्रम जुळला नाही तर पोस्टग्रेस पट्ट्या नव्याने लावत बसतो.