मेट्रो ३ : सोय दारात, तरी पावले चर्नी रोडकडे

गिरगावात राहून वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) नोकरी करणाऱ्या माणसासाठी मेट्रो ३ इतकी उपयोगी सोय मुंबईत गेल्या कित्येक वर्षांत झालेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चर्नी रोडहून लोकल पकडायची, वांद्र्याला उतरून पूर्वेकडे यायचे आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहायचे, हा सगळा खटाटोप एकाच गाडीत टळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी, मे २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झालेल्या या ३३.५ किलोमीटरच्या मार्गावर २७ स्थानके असून आरे सोडून बाकी सर्व जमिनीखाली आहेत. डबे वातानुकूलित आहेत, फलाटाच्या कडेला सरकते दरवाजे आहेत आणि उतरताना कोणाला कोपराने ढकलावे लागत नाही.

असे असूनही आमच्या वाडीतील बरीच मंडळी आजही लोकलनेच जातात. त्यांना मेट्रोची माहिती नाही असे मुळीच नाही. शेजारचे काका म्हणाले, "पास काढलेला आहे ना, मग वेगळे पैसे कशाला?" या एका वाक्यात बरेच काही आले. महिन्याच्या पासाचे पैसे एकदाच जातात आणि नंतरचा प्रत्येक प्रवास फुकट वाटतो. मेट्रोचे १० ते ७० रुपयांचे तिकीट मात्र दर खेपेला खिशाला जाणवते. त्यात ठरलेली गाडी, ठरलेला डबा, वरच्या रॅकवर आपली बॅग ठेवणारा ओळखीचा हात, हे सारे सोडावे लागते. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले होते की, तेवढ्याच लाभापेक्षा तोटा माणसाला अधिक बोचतो. वाचणारी मिनिटे हा लाभ अजून अनुभवलेला नसतो, सुटणारी सोबत मात्र रोजची असते. पुढे १९८८ मध्ये सॅम्युएलसन आणि झेकहाउजर या अर्थतज्ज्ञांनी 'जैसे थे'कडे असलेल्या या ओढ्याचा सविस्तर अभ्यास मांडला.

मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, रोज सकाळी घराबाहेर पडताना कोणी मार्ग निवडतच नाही. तो कधीकाळी निवडलेला असतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. लंडनमध्ये फेब्रुवारी २०१४ च्या संपात भुयारी रेल्वेची काही स्थानके बंद राहिली, तेव्हा अनेकांना नाइलाजाने दुसरी वाट धरावी लागली. संप मिटल्यावर त्यांतील सुमारे ५ टक्के प्रवासी जुन्या मार्गावर परतलेच नाहीत, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. रोज त्याच मार्गाने जाणाऱ्या काहींनाही अधिक सोयीची वाट ठाऊक नव्हती, हे मला फार बोलके वाटते.

म्हणूनच मेट्रो प्रत्येकाने धरावी असा माझा आग्रह नाही. दादरहून सीएसएमटीला जाणाऱ्याला लोकल थेट आणि स्वस्तात पोहोचवते. शिवाय खोल स्थानकांतील सरकते जिने आणि सामानाची तपासणी यांत जाणारा वेळ हिशेबात धरायलाच हवा. परंतु गिरगाव, काळबादेवी, वरळी किंवा सिद्धिविनायक परिसरातून बीकेसी, विमानतळ अथवा अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक क्षेत्राकडे जाणाऱ्यांनी पास संपल्यावर नवा काढण्याआधी एक आठवडा मेट्रोने जावे, घरापासून कार्यालयापर्यंतचा पूर्ण वेळ आणि खर्च मांडावा, आणि मगच पासाच्या खिडकीवर जावे.