इंदूरचा रात्रीचा सराफा : काय खावे, काय टाळावे, केव्हा जावे

इंदूरच्या मराठी घरांत महाराष्ट्रातून पाहुणे आले की रात्रीचे जेवण मुद्दाम हलके ठेवण्याची पद्धत आहे, कारण नऊ-साडेनऊनंतर त्यांना सराफ्यात न्यायचे असते. होळकरांच्या राजवाड्यापासून चालत काही मिनिटांवर असलेली ही गल्ली दिवसा सोन्याचांदीची बाजारपेठ असते. संध्याकाळी सराफांची दुकाने बंद झाली की त्याच दुकानांच्या ओट्यांवर आणि ओट्यांसमोर शेगड्या, कढया, पराती मांडल्या जातात आणि मध्यरात्र उलटून गेली तरी खाणाऱ्यांची वर्दळ थांबत नाही. समाजमाध्यमांवर या बाजाराचे जे दर्शन घडते त्यात धूर, ज्वाळा आणि किसलेले चीज यांचाच भरणा अधिक असतो, आणि तेवढे पाहून आलेला माणूस नेमके चुकीचे पदार्थ खाऊन परत जातो. सराफा आजही उत्तम आहे असे माझे ठाम मत आहे; मात्र त्याचा उत्तम भाग कोणता, हे तुम्ही वर्षाच्या कोणत्या महिन्यांत येता यावर पुष्कळसे अवलंबून आहे, आणि ही गोष्ट पाहुण्यांना सहसा कोणी सांगत नाही.

पावसाळ्यात येणार असाल तर पहिला मान भुट्ट्याच्या किसाला द्यावा. कोवळी कणसे किसायची, तुपात मोहरी, जिरे, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी करून त्यात तो कीस परतायचा, मग दूध घालून मंद आचेवर आटवायचे, एवढीच कृती आहे. सगळे कौशल्य आटवण्यात आहे. दूध पुरते आटले पाहिजे, मक्याचा कच्चट वास गेला पाहिजे, कडेने तूप सुटू लागले पाहिजे, आणि तरीही कणसाचा दाणा जिभेला जाणवला पाहिजे. घाई केलेला कीस चिकट लागतो आणि त्यातले दूध वेगळे जाणवते. माळव्यातला देशी भुट्टा श्रावण-भाद्रपदात कोवळा मिळतो. त्याची गोडी बेताची असते आणि अंगी पिठूळपणा असतो, म्हणून तो दूध चांगले धरून ठेवतो. आता अमेरिकन मका बारमाही मिळू लागल्याने कीसही बारमाही विकला जातो, पण त्या मक्यात पाणी आणि साखर दोन्ही जास्त असल्यामुळे पदार्थ शिऱ्याच्या वाटेने जातो, आणि मिरची कितीही वाढवली तरी ती गोडी झाकली जात नाही. त्यामुळे उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्यांना मी कीस खाण्याचा आग्रह करत नाही. वर ओले खोबरे, कोथिंबीर आणि लिंबू असावे. शेव मात्र थोडीच घालायला सांगावी, कारण तिच्या खारटपणात दुधाची चव हरवते.

हिवाळ्यातला राजा गराडू. हा कंद कोनफळाच्या कुळातला. उंधियोतले जांभळे कोनफळ ज्यांनी खाल्ले आहे त्यांना त्याच्या पोताची थोडी कल्पना येईल, फक्त गराडू आतून पांढरा असतो आणि अधिक चिकट असतो. सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून घरी करणारे हाताला तेल लावून सोलतात. सराफ्यात तो दोनदा तळतात. पहिल्यांदा मध्यम आचेवर, आतपर्यंत शिजेल इतका, आणि मग गिऱ्हाईक आल्यावर कडकडीत तेलात, वरून कुरकुरीत होईल इतका. या दुसऱ्या तळणीत ज्याचे तेल पुरेसे तापलेले नाही त्याच्याकडे गराडू तेलकट होतो, आणि ज्याने पहिली तळण घाईने उरकली आहे त्याच्याकडे तो मध्यभागी कडक राहतो. चांगला गराडू दाताखाली आधी खुसखुशीत फुटतो आणि मग आतून मऊ, किंचित तार सुटल्यासारखा लागतो. त्यावर भरपूर लिंबू पिळतात आणि मसाला भुरभुरवतात. हा मसाला जिरावनाच्या जातीचा. जिरे, धने, आमचूर, काळे मीठ, सुंठ, हिंग आणि मिरची यांचे ते मिश्रण इंदुरी माणूस पोह्यांपासून पेरूपर्यंत कशावरही घालतो, पण गराडूइतके ते दुसऱ्या कशालाच शोभत नाही असे मला मनापासून वाटते. कंदाला स्वतःची चव फार सौम्य असते, आणि आंबट-तिखट मसाला त्या सौम्यपणावर उठून दिसतो. एक पथ्य मात्र पाळावे : गराडू हातात पडताक्षणी उभ्याउभ्या खावा. बांधून घरी नेलेला गराडू वातड होतो आणि पुन्हा गरम केला तरी सुधारत नाही.

वर्षभर खाता येतील अशा पदार्थांत जोशी यांचा दहीवडा सर्वांत प्रसिद्ध आहे. दोना, म्हणजे पानाचा द्रोण, हवेत उंच उडवून झेलण्याची आणि एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकामागून एक सोडण्याची त्यांची पद्धत देशभरातल्या लोकांनी चित्रफितींतून पाहिली आहे. केवळ करामतीवर चालणाऱ्या दुकानांविषयी मला आस्था नाही, परंतु येथे करामतीमागे पदार्थ आहे, आणि तो चोख आहे. डाळ चांगली फेसलेली असल्यामुळे वडा हलका होतो, पाण्यात भिजूनही फुटत नाही, आणि दही इतके घट्ट असते की दोना उलटा करण्याचा खेळ शक्य होतो. महाराष्ट्रातल्या जिभेला हे दही जरा गोड वाटेल. आमच्या घरी दोन पिढ्या इंदुरात गेल्यावर ती गोडी अंगवळणी पडली आहे, तरीही पाहुण्यांना आधी सांगून ठेवणे बरे. त्याच गल्लीतले विजय चाट हाउसचे खोबऱ्याचे पॅटिस मला दहीवड्याहूनही अधिक आवडते. बाहेर बटाट्याचे पातळ आवरण, आत ओल्या खोबऱ्याचे किंचित गोडसर, किंचित तिखट सारण. आपल्याकडच्या उपवासाच्या पॅटिसशी त्याचे जवळचे नाते आहे, त्यामुळे मराठी माणसाला ते परके वाटत नाही. कढईतून नुकते काढलेले मिळाले तर चटणीशिवाय आधी एक घास खावा.

साबुदाण्याच्या खिचडीवरून मात्र आमच्या घरी दर पाहुण्यागणिक वाद होतो. आपण साबुदाणा तुपाच्या फोडणीवर दाण्याच्या कुटासह परततो. इंदुरी विक्रेता भिजवलेला साबुदाणा वाफेवर गरम ठेवतो आणि मागणी आली की मोठ्या भांड्यात घेऊन त्यात शेंगदाणे, बटाट्याचा फराळी चिवडा, मिरची, कोथिंबीर, लिंबू आणि मसाला मिसळून देतो. पुण्याहून येणाऱ्या आत्याबाई ही खिचडी मानायलाच तयार नसतात. त्यांचा आक्षेप मी समजू शकतो, कारण कुटाचा खमंगपणा आणि तव्याला लागलेल्या साबुदाण्याची खरपूस चव येथे नाही. परंतु दाणा न दाणा मोकळा, तेलाचा जवळजवळ अभाव आणि कुरकुरीत चिवड्याची जोड यांमुळे रात्री अकरा वाजता पोटाला जड न होणारा असा हा पदार्थ आहे, आणि त्या वेळेसाठी तो आपल्या खिचडीपेक्षा अधिक योग्य आहे, असे मी आत्याबाईंसमोरही म्हणतो.

गोड पदार्थांत मावाबाटी घ्यावी, एकीत दोघांनी. खव्याचे आवरण, आत सुक्या मेव्याचे सारण, तळून पाकात सोडलेली ही बाटी गुलाबजामापेक्षा मोठी आणि पुष्कळ जड असते. भला मोठा जलेबा पाहायला छान आहे. मात्र जाड धारेमुळे पाक आतपर्यंत नीट मुरत नाही, आणि सकाळच्या पोह्यांबरोबरची साधी बारीक जिलबी त्याहून कितीतरी सरस लागते. येथील शिकंजी दुधाची असते, घट्ट आणि केशर व सुका मेवा घातलेली, म्हणून तहान भागवण्यासाठी ती मागू नये. शेवटी, थोडी, वाटून प्यावी.

आता तक्रारी, आणि त्या गंभीर आहेत. गेल्या काही वर्षांत या गल्लीत ज्या गाड्या वाढल्या त्यांतल्या बऱ्याच गाड्यांवर इंदूरचे म्हणावे असे काहीही नाही. नूडल्स, मोमो, चीजने झाकलेले सँडविच, पेटते पान, नायट्रोजनच्या धुराची बिस्किटे हे सर्व कोणत्याही शहरातल्या कोणत्याही खाऊगल्लीत मिळते, आणि येथे ते अधिक चांगले मिळते असेही नाही. या गाड्यांसमोर चित्रीकरणासाठी माणसे थांबतात, गल्ली तुंबते, आणि मागे ओट्यावर बसून वर्षानुवर्षे एकच पदार्थ करणाऱ्या माणसापर्यंत गिऱ्हाईक पोहोचतच नाही. अशाच एका गाडीवर, जिचे नाव येथे देत नाही, मला काळपट तेलात तळलेला पदार्थ मिळाला. दराचा फलकही तेथे नव्हता आणि पैसे देताना सांगितलेला आकडा शेजारच्या माणसाला सांगितलेल्या आकड्याहून वेगळा होता. 2017 ते 2023 या काळात देशातल्या स्वच्छ शहरांच्या यादीत सलग सात वर्षे पहिले आलेल्या या शहरात कचरा उचलण्याची व्यवस्था खरोखर वाखाणण्याजोगी आहे, सराफ्यातही ती दिसते. पण तेलाचा रंग कचरापेटीत दिसत नाही. तो कढईत डोकावून गिऱ्हाइकालाच पाहावा लागतो.

अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना दागिन्यांची दुकाने आणि मध्ये गॅसच्या सिलिंडरांवर चालणाऱ्या शेगड्या, यामुळे सुरक्षिततेचा प्रश्न सराफ व्यापाऱ्यांनी वेळोवेळी उपस्थित केला आहे, आणि पारंपरिक पदार्थांच्या दुकानांनाच येथे जागा असावी असा विचारही पुढे आला आहे. मला तो विचार पूर्णपणे पटतो. ही रात्रीची खाऊ-चौपाटी दुसरीकडे हलवावी असे म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही, कारण दिवसा ज्या ओट्यावर तराजू असतो त्याच ओट्यावर रात्री परात येते, या व्यवस्थेमुळेच हा बाजार उभा राहिला आहे. मोकळ्या मैदानावर नेऊन ठेवला तर तो केवळ एक मेळावा उरेल. गाड्या कमी कराव्यात, आग विझवण्याची साधने दिसतील अशी ठेवावीत, दरफलक सक्तीचे करावेत. एवढ्याने पुष्कळ काही साधेल.

जाण्याची वेळ निवडताना शनिवार-रविवार टाळता आले तर अवश्य टाळावेत. मंगळवार-बुधवारी दहाच्या सुमारास गल्लीत सावकाश चालता येते, विक्रेत्याशी दोन शब्द बोलता येतात, कीस कोणत्या मक्याचा आहे हे विचारता येते आणि उत्तरही खरे मिळते. सानंद न्यास या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाचा रात्रीचा प्रयोग पाहून विद्यापीठाच्या सभागृहातून थेट सराफ्यात येणारी मंडळी बरीच असतात. त्यांनी सुटीच्या दिवसाची गर्दी गृहीत धरूनच यावे. गाडी आत नेण्याचा प्रयत्न करू नये. राजवाड्याच्या आसपास जिथे जागा मिळेल तिथे ती लावून पायी यावे. बसायला जागा जवळजवळ नाहीच, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना आणताना त्यांना एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर बसवून पदार्थ तिथे आणून द्यावे लागतात, आणि खरे सांगायचे तर गर्दीच्या रात्री तेही जमत नाही.

अशा वडीलधाऱ्यांसाठी नव्या पलासियातले छप्पन दुकान, म्हणजे शहरातली दुसरी प्रसिद्ध खाऊगल्ली, अधिक सोयीचे आहे. 2020 मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. वाहने बंद करून पदपथ मोकळा केला गेला, बसायला जागा झाली, आणि ते सकाळपासून उघडे असते. तेथील पोहे-जिलबी सकाळी खावी. पोहे वाफेवरचे, वर शेव, जिरावन आणि बारीक चिरलेला कांदा. जॉनी हॉट डॉगसमोरची रांग पाहून दचकू नये, ती भराभर पुढे सरकते. मात्र कीस आणि गराडू यांच्यासाठी मी छप्पनला जाणार नाही. तेथे हे पदार्थ मिळतात, स्वच्छही असतात, पण सराफ्यातल्या जुन्या ओट्यांवर दोन्हींचा खप हंगामात इतका असतो की किसाची परात आणि गराडूचा ढीग सतत नवा होत राहतो, आणि या दोन पदार्थांत ताजेपणाइतके महत्त्व दुसऱ्या कशालाही नाही. पहिल्यांदाच येणाऱ्याने ऑगस्ट-सप्टेंबर किंवा डिसेंबर-जानेवारी यांपैकी एक काळ निवडावा, दोन किंवा तीनच पदार्थ ठरवावेत, आणि सोबत वाटून खाणारे कोणीतरी असावे. एकट्याने आल्यास अर्धी प्लेट मागावी. जुने विक्रेते ती आनंदाने देतात.